नाल्याकडची पंचेचाळीस तासं

"आधी वावर दाखवा, मंग बोलू."

मजुरीचा विषय कोणीही काढो, कितीही घाईत काढो, तिचं पहिलं वाक्य हेच. मग वावरात यायची, धुऱ्यावर चपला काढायची, अनवाणी चार तासं आत जायची आणि वाकून मूठभर तण उपटायची. धुरा म्हणजे बांध, आणि तास म्हणजे पेरलेल्या पिकाची एक ओळ. ते तण मुळासकट हातात फिरवून पाहायची, माती झटकायची, टाकून द्यायची. तोवर आपण धुऱ्यावर उभे. भाव ती लगेच सांगायची नाहीच. "येतो संध्याकाळी घरी," एवढं म्हणून चपला घालून निघून जायची.

तुमच्याही गावात अशी एखादी असेल, किंवा असायची. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, जानेफळच्या बाजूचं. तणाचं निंदण असो, सोयाबीनची सोंगणी म्हणजे कापणी असो, कापसाची वेचणी असो, तिच्या मागे सोळा बायांची टोळी उभी असायची. टोळीतल्या बाया तिला माय म्हणायच्या. मी मावशी म्हणायचे, आणि भांडण झालं की काहीच म्हणायचे नाही. भांडण वर्षातून दोनदा ठरलेलं होतं. एकदा निंदणाच्या आधी, एकदा सोंगणीच्या आधी.

माझं माहेर देऊळघाटचं. आमच्याकडे भाजीपाला, त्यातही मिरची जास्त, आणि माझ्या तोंडाचा तिखटपणा तिथूनच आला असं माझे सासरे म्हणायचे. नवरा एसटीत कंडक्टर, मेहकर डेपोला. लग्नानंतर दोनच वर्षांत सासऱ्यांचं अंग लुळं पडलं आणि सगळी शेती माझ्या अंगावर आली. वय तेवीस. मला वाटलं, आपण शिकलेल्या, आपण शिस्त लावू. पहिल्या निंदणाला मी मनगटावर घड्याळ बांधून धुऱ्यावर उभी राहिले. एक बाई पाणी प्यायला उठली, तिला मी सांगितलं की तुझे बारा मिनिटं गेले.

मावशी कंबर धरून उठली, माझ्याजवळ आली. म्हणाली, "वैनी, घड्याळ घरी ठेवा. वावरात पात पाहाची अस्ते." पात म्हणजे निंदताना एकेका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा. मला राग आला. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठीच एक पात मोकळी ठेवली आणि बसा म्हणाली. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? बसले. दुपारपर्यंत माझी कंबर माझी राहिली नाही. बाया पात संपवून पलीकडच्या टोकाला माझी वाट पाहत बसल्या होत्या. ती एकटी उलटी आली, माझी अर्धी पात तिने निंदून दिली आणि शेवटी हात झटकत विचारलं की किती वाजले. बाया पोट धरून हसल्या. मीही हसले, पण दोन दिवसांनी.

तिच्या टोळीत एक म्हातारी होती. हात थरथरायचे तिचे, विळा धड धरता येत नव्हता. मजुरीचा रोज मात्र तिला सगळ्यांइतकाच. मी एकदा मावशीला बाजूला घेऊन म्हटलं की हिला पुरा रोज मी का देऊ? तिने मला पातीकडे पाहायला सांगितलं. म्हातारी मधल्या पातीवर होती. डाव्या हाताची बाई तिची थोडी पात ओढत होती, उजव्या हाताची थोडी. मध्ये म्हातारीला वीतभर राहिलं होतं. पाती सोळाच्या सोळा सरळ रेषेत पुढे सरकत होत्या. "तुमची पात राह्यली का मांगं?" मावशीने विचारलं. नव्हती राहिली. मी त्यानंतर तो विषय काढला नाही.

आता भावाचं सांगते. गावाचा भाव माझ्या घरी ठरायचा. म्हणजे माझ्या घराला काही मोठा मान होता असं नाही. तिचं म्हणणं असं की या गावात तुमच्याहून जास्त कोणी भांडत नाही, तुमच्याशी जमलं की बाकीच्यांना बोलायला जागा राहत नाही. मी याला बरीच वर्षं स्तुती समजत होते.

ती संध्याकाळी यायची, ओट्यावर खांबाला टेकून बसायची. मी चहा टाकायचे. कप तिच्यासमोर ठेवायचे. भाव ठरेपर्यंत ती त्या कपाला हात लावायची नाही. मी खताच्या पोत्याचा भाव सांगायचे, ती गॅसच्या टाकीचा सांगायची. मी म्हणायचे सोयाबीनला बाजारात कोणी विचारत नाही, ती म्हणायची तेलाचा पिपा घेताना मात्र दुकानदार आम्हाला बरोबर विचारतो. चहावर साय धरायची. एका वर्षी मी तो चहा तीनदा गरम केला. शेवटी कुठेतरी मधे जमायचं. मग ती कप उचलायची, एका घोटात संपवायची आणि पदराने तोंड पुसायची. शेजारची वहिनी कुंपणाला कान लावूनच असायची. ती घरोघर सांगत सुटायची की पेली. पेली म्हणजे ठरलं. उद्यापासून गावात तोच भाव.

आमचं एक वावर आहे नाल्याला लागून. त्याला सगळे चार एकरी म्हणतात. सातबाऱ्यावरही चारच आहे. पण माझ्या आजेसासऱ्यांनी नाल्याकाठची पड मोडून त्यात जोडली, तेव्हापासून ते पावणेपाच भरतं. सोंगणी उक्ती असते, म्हणजे रोजावर नाही, एकरावर पैसे ठरतात. मावशीला सातबारा वाचता येत नव्हता. तिचा हिशोब तासांचा. या वावरात साठ तासं म्हणजे एक एकर. धुऱ्याकडून मोजत गेलं की दोनशे चाळीस तासांवर चार एकर संपतात, आणि पुढची पंचेचाळीस तासं नाल्याकडची. एवढं वावर तिने तीस वर्षं तळपायाने मोजलं होतं. पैसे मात्र ती पाच एकरांचे घ्यायची. वरचा पाव एकर कशाचा, असं मी दर वर्षी भांडायचे. ती म्हणायची, "तुमचा थंडा चहा पेतो त्याचा."

ते दिवस आठवले की अजूनही हसू येतं. सोंगणीच्या सकाळी त्या बाया वावरात उतरल्या की विळ्यांचा सगळा आवाज एका चालीवर यायचा. न्याहारीला धुऱ्यावर फडकी सुटायची, ठेचा, भाकर, कांदा. माझ्या डब्यातली भाजी मावशी आधी चाखून पाहायची आणि देऊळघाटची मिरची पुरे करा म्हणायची. मी मालकीण आणि त्या मजूर हे तेवढ्या वेळापुरतं सगळ्याच विसरायचो. निदान मी विसरायचे.

मग हळूहळू दिवस बदलले. गावात ज्वारी गेली, मूग-उडीद गेला, जिकडे तिकडे सोयाबीन. सगळ्यांची पेरणी एका आठवड्यात, म्हणून सगळ्यांची सोंगणीही एकाच आठवड्यात. चार दिवस उशीर झाला की शेंगा उभ्यानेच तडकतात आणि दाणा जमिनीवर. इकडे टोळीतल्या पोरी लग्न होऊन गेल्या, काहींचे नवरे पुण्याला, संभाजीनगरला कंपनीत लागले तशा त्याही गेल्या. नवीन सून कोणी पातीवर बसेना. सोळाच्या अकरा झाल्या. गरज सगळ्या गावाला, हात बावीस. भाव वर जाणारच होता, आणि तिने तो नेला.

त्या वर्षी तिने एकराचा जो भाव सांगितला तो ऐकून मी चहा टाकलाच नाही. तिला म्हटलं, सोनं सोंगायचं आहे का सोयाबीन? ती म्हणाली दोन दिवस विचार करा. मी विचार केला नाही, मी माझ्या चुलत दिराला विचारलं. त्याने सांगितलं की सातपुड्याच्या पलीकडून, मध्यप्रदेशातून टोळ्या उतरल्या आहेत, चिखलीकडे आहेत, पाहिजे तर आणतो. एकरामागे चांगले कमी घेतात. मी म्हटलं आण.

आमच्या गावात बाहेरची टोळी आणणारी पहिली मी. हे मीच सांगितलेलं बरं.

पिकअपमधून ती माणसं आली. अठरा मोठी, सात-आठ लेकरं, भांडी, पिठाच्या थैल्या, दोन कोंबड्यासुद्धा. विहिरीजवळ ताडपत्र्या ताणून राहिली. त्यांचा म्होरक्या चाळिशीचा, सडसडीत, बोलायला मऊ. मी त्याला सांगितलं, वावर चार एकर. सगळे चारच म्हणतात, कागदावरही चारच, मी काही खोटं बोलले नव्हते. असं मी स्वतःला चार-पाच वेळा सांगितलं, यावरूनच काय ते समजा.

भल्या पहाटे ती माणसं वावरात उतरायची. दुपारचं ऊन झालं तरी वाकलेलीच. मी गावात छाती काढून हिंडले. दोन दिवसांत आणखी दोन टोळ्या गावात आल्या. मावशीच्या बाया घरी बसून राहिल्या. तिने भाव खाली आणला, मागच्या वर्षाइतका केला. तरी बोलावणं नाही. मग टोळीतल्या दोघी तिला न सांगता कोणाकडे तरी मागच्या वर्षाहूनही कमी भावात गेल्या. तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. तिच्या टोळीत कोणी वेगळं जात नसे, कारण एक वेगळी गेली की दुसरीला आणखी खाली जावं लागतं आणि त्याला तळ नाही. टोळी फुटली तर आधी कोण जाणार हेही सगळ्यांना माहीत होतं. मधल्या पातीवरच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी माझ्या वावरात आली. मी विहिरीवर होते. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी शब्द जुळवून ठेवले. ती माझ्याकडे आलीच नाही. ताडपत्रीजवळ गेली. तिथे एक बाई लेकराला पाजत बसली होती, तिच्याशी काहीतरी बोलली, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्होरक्याला बोलावलं. तिचं हिंदी म्हणजे आपलं बाजारातलं.

"कितना एकड बोले तेरेकू?"

"चार, मौसी."

"गिनती आती का?"

"आती है."

"तो चल मेरे संग."

दोघं धुऱ्यापासून निघाली. सोंगलेल्या तासांची धसकटं होती, ती मोजली, मग उभी मोजली. ती मोठ्याने मोजत होती, तो मागून बोटांनी. मी विहिरीवरच उभी होते. मला माहीत होतं ते कुठे जाऊन थांबणार. त्या वेळी नुसती हाक मारली असती, अगं ते पावणेपाच आहे, सांगायचं राहिलं, तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. मी हाक मारली नाही. दोनशे चाळीसवर ती थांबली, नाल्याकडे हात केला, आणि पुढची पंचेचाळीसही त्याला मोजून दाखवली.

मग ती माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "वैनी, हे पावणेपाच हाय. तुमाले मालूम हाय, मले मालूम हाय. याले काऊन नाही सांगतलं?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुले काय करा लागते त्याचं? तुमच्या तोंडचा घास यायनंच काढला ना?"

"यायनं नाही काढला. तुमी काढला." ती शांतपणे म्हणाली. "यायले कमी देऊन भागते म्हणून आमाले बलावत नाही. यायले पुरे भेटले तं आमाले बी पुरे भेटतीन."

आज हे लिहिताना कळतं की एवढा सरळ हिशोब मला शाळेतही कोणी शिकवला नव्हता. त्या दिवशी मात्र अठरा परक्या माणसांसमोर माझी चोरी उघडी पडली होती, आणि मी माझ्या आईच्या वयाच्या बाईला म्हणाले, "पुन्हा माह्या वावरात पाय ठेवजो नोको."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

म्होरक्याने टोळी बसवून ठेवली. तोही भांडला नाही, फक्त पावणेपाचाचं बोला म्हणाला. लोणारच्या बाजूला आभाळ काळं झालेलं, दीड एकर उभं. मी पावणेपाच कबूल केलं. चहाचा पाव एकर त्याला माहीत नव्हता, तेवढा माझा वाचला.

पुढची गंमत अशी की त्याने दुसऱ्या दोन्ही टोळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गावभर मोजणी. तीन एकराचं वावर साडेतीन निघालं, दोनाचं अडीच. आमच्या एका माजी सरपंचांचं पाच एकर तर सव्वासहा भरलं, आणि ते म्हणाले की त्यांनाही आत्ताच कळतंय. इतकी वर्षं सातबाऱ्यात न सापडलेली जमीन त्या आठवड्यात सगळी वर आली. चोर मी एकटी नव्हते, याचा मला त्या दिवसांत मोठा आधार वाटला.

बाहेरची टोळी मग तितकी स्वस्त राहिली नाही. लोकांनी विचार केला, पैसे जवळजवळ तेवढेच जाणार तर आपल्या बाया काय वाईट, त्यांना जळण-पाणी पुरवावं लागत नाही. उरलेली वावरं मावशीच्या टोळीला मिळाली. कमी भावात गेलेल्या दोघी परत आल्या, तिने त्यांना काही विचारलं नाही असं म्हणतात. भाव तिने मागितला तेवढा झाला नाही, आणि आम्हाला हवा होता तेवढा खालीही गेला नाही. पुढच्या वर्षापासून तो म्होरक्या गावात उतरला की आधी तिच्या घरी जायचा. दोघांचं तिथे ठरायचं, मग आमच्याशी बोलणं. बाहेरच्यांना एक भाव आणि गावच्यांना दुसरा, असं आमच्याकडे पुन्हा झालं नाही. शेजारच्या गावांत अजून आहे, तिथे जाऊन पाहा.

माझ्या ओट्यावर मात्र भाव ठरायचा बंद झाला.

मी म्हटलं होतं वावरात पाय ठेवू नको, तर तिने तेवढं आणि तेवढंच पाळलं. घरी यायची. माझ्या मुलीच्या लग्नात आली, पोटभर जेवली, मुलीच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. जानेफळच्या बाजारात भेटली की मिरच्यांना नाव ठेवायची, कंडक्टरसाहेब रिटायर कधी होणार विचारायची. पण चार एकरीत नाही. आमच्या धुऱ्यावरून पलीकडच्या वावरात जायला पाच मिनिटं लागतात. धुराही आमचाच म्हणून ती नाल्याकडून वळसा घालून जायची. तिच्या बाया माझ्याकडे निंदायला यायच्या, तीच पाठवायची. मी विचारायचे, माय नाही आली? तर म्हणायच्या, तिचे गुडघे दुखतात. आणि माय त्याच वेळी शेजारच्या वावरात पात धरून बसलेली मला दिसायची.

मला तिची आठवण यायची. समोर दिसत असताना आठवण येते हे मला तेव्हा कळलं. निंदण नीट झालं की नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. न्याहारीला बाया होत्या, ठेचा होता, पण माझ्या भाजीला नाव ठेवायला कोणी नव्हतं. तिला फक्त ये म्हणायचं होतं. एका अक्षराचा शब्द. पण त्याच्या आधी चुकले म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. असं करता करता पाच वर्षं गेली.

मागच्या श्रावणात ती आजारी पडली. दम लागायचा. मी म्हणायचंच असं ठरवून तिच्या घरी गेले. तिथे चार बायका बसलेल्या. ती भिंतीला टेकून बसली होती, खूप लहान दिसत होती. म्हणाली, आता सातजणीच राहिल्या टोळीत, बाहेरचे आले नाहीत तर तुमचं सोयाबीन उभ्यानेच फुटेल. मग मला विचारलं, "नाल्याकडचं तण काढलं का? वळसा घेतो तं दिसते मले." मी काढलं म्हणाले. काढलेलं नव्हतं. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी ते तण काढायला बसले, एकटीच.

सोंगणीच्या तोंडावर ती गेली. दोन दिवस पाऊस लागला होता. बाहेरची टोळी येऊन विहिरीजवळ उतरलेली, वावर सुकायची वाट पाहत. त्याच पावसात नाल्यावरचा रपटा, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूल, वाहून गेला, आणि आमच्या गावचं स्मशान नाल्यापलीकडे. सकाळी तिचा मुलगा माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, वैनी, रपट्यावरून जाता येत नाही, तुमच्या वावराच्या टोकाला नाला वळून येतो, तिथे उथळ आहे, धुऱ्याने नेतो.

मी म्हणाले, "धुऱ्यानं नाही. मधातून न्या."

तो म्हणाला, पीक उभं आहे. मी सरळ विहिरीवर गेले. म्होरक्याला कळलेलं होतं. त्याला सांगितलं की इथून तिथपर्यंत वाट काढायची आहे. तो म्हणाला, गीला है, अभी काटेंगे तो दाना खराब होगा. मी म्हटलं होऊ दे. सहा तासांवर सहा विळे लागले. त्यातला एक माझा होता. ओल्या शेंगा हाताला चिकटत होत्या, मला नीट दिसत नव्हतं, पण पाच वर्षांत जे बोलता आलं नाही ते मी त्या तासाला वाकून बोलले, चुकलं, ये, चुकलं, ये, असं टोकापर्यंत. बाजूच्या विळ्यावर म्होरक्याची बायको होती. तिला मराठी येत नाही. ती माझ्या बरोबरीने चालत राहिली, एकदाही पुढे गेली नाही.

मावशीला त्या वाटेने नेलं. सात बाया मागे रस्त्यापर्यंतच आल्या. बाहेरच्या टोळीतली सगळी माणसं दोन्ही बाजूंना विळे खाली ठेवून उभी होती, आणि वावराच्या मध्यावर म्होरक्याने पुढे होऊन खांदा दिला. मी नाल्याच्या टोकाला उभी होते. पाच वर्षांनी ती माझ्या वावरात आली, आणि पाय तिने तरीही ठेवला नाही.

चार दिवसांनी वावर सुकलं आणि सोंगणी झाली. पैसे द्यायच्या आधी म्होरक्या नेहमीसारखा तासं मोजायला निघाला. अर्ध्या तासाचाही हिशोब न सोडणारा माणूस. मी बरोबर चालत होते. धसकटांना पायाने स्पर्श करत तो एक सौ बत्तीसपर्यंत आला. पुढे ती सहा तासं. तो थांबला, टांग टाकून पलीकडे गेला.

मी म्हटलं, ती का सोडली? ती पण धर. तुमच्याच माणसांनी सोंगली ना?

"वो मौसी का है," तो म्हणाला. "उसका पैसा नहीं लगता."

मी पदर तोंडाला लावला. त्याने सातव्या तासावर पाय ठेवला आणि म्हणाला, एक सौ तैंतीस.